गाडीतला सगळा आवाज

१

सर्वणच्या सगुणाची व्हॅन येते आहे हे ती नजरेला पडायच्या आधीच डिचोलीच्या बाजाराला कळायचे. सरकता दरवाजा थंडी भरल्यासारखा वाजायचा, सीटखालचा जॅक उड्या मारायचा आणि इंजिन तर थेट ड्रायव्हरच्या बुडाखाली. आतला माणूस आणि ते इंजिन यांच्यामध्ये एक पत्रा आणि देवाची कृपा, एवढेच. त्यापेक्षा पाववाल्या पोदेराचा भोंगा परवडला, असे लोक म्हणायचे आणि सगुण हसून सोडून द्यायचा. त्याचे उभे तारुण्य खनिजाच्या ट्रकावर गेले होते. खाणी बंद पडल्या, ट्रक भंगारात गेला आणि ही जुनी व्हॅन दारात आली. आवाजाचे त्याला काय कौतुक?

बायको सुलोचना, तीही काही कमी आवाजाची नव्हती. पौषात गावच्या मांडावर बायकांचे धालो, फेर धरून म्हणायची गाणी, सुरू झाले की पहिली ओळ तिचीच, आणि ती ओळ शेजारच्या वाड्यावर ऐकू जायची. घरात तिचे बोलणे सकाळी चुलीबरोबर सुरू व्हायचे. सगुण म्हणजे पालथा घडा. ती सांगायची, तो "व्हय गो" म्हणायचा, आणि संध्याकाळी तीच गोष्ट तिला पहिल्यापासून सांगावी लागायची. चिडली की ती म्हणायची, "भिंतीक सांगला तर भिंत तरी पाझरात." असा त्यांचा संसार चालला होता आणि बरा चालला होता.

मग तिच्या कानामागच्या शिरेत काहीतरी वाढले. बारीकसा आवाजही तिच्या डोक्यात खिळ्यासारखा जाऊ लागला. बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात आठवड्याची फेरी सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, हिला आवाजापासून जपा. आणि तिला नेणार कशातून, तर त्या व्हॅनमधून! मागच्या सीटवर ती दोन्ही तळव्यांत डोके धरून बसायची आणि प्रत्येक खड्ड्याला "आई गे" म्हणायची. खरे सांगायचे तर सगुणाला तिचे दुखणे बघवत नव्हते आणि ऐकवत तर त्याहून नव्हते. त्याला वाटायचे, हे कुठेतरी थांबले पाहिजे.

२

म्हापशाच्या दुकानात त्याने चौकशी केली. दुकानदार हौशी होता. त्याने एक उघडा पत्रा बोटाने वाजवून दाखवला, तो टणकन वाजला. मग त्याला डांबराची चंदेरी शीट चिकटवून वाजवला, तर नुसते ठप. पत्र्याची थरथर मारायची तर वजनदार वस्तू लावायची आणि हवेतला आवाज प्यायचा तर मऊ वस्तू, असे त्याने समजावले. त्याच्याकडे परदेशी रबराची शीटही होती. तिची किंमत ऐकून सगुणाने ती जपून जागेवर ठेवली.

स्वस्तातले उपाय मग त्याने एकेक करून पाहिले. आधी फोम लावला. फोमने आपल्याकडच्या दमट हवेत पाणी पिऊन घेतले आणि गाडीला ओल्या गोधडीचा वास सुटला. मग काथ्याच्या चटया आणल्या, त्यांनी आवाजाला अटकाव करण्याऐवजी उंदरांना निमंत्रण दिले. शेवटी गळक्या स्लॅबला लावतात ती डांबरी पट्टी दरवाजांच्या आतून मारली. एप्रिलच्या उन्हात ती वितळून ओघळली आणि त्या वासाने सुलोचनेचे डोके दुप्पट चढले. रोगापेक्षा इलाज भयंकर, अशी गत झाली.

आणि मग एका सकाळी पाय पुसताना त्याचे लक्ष उंबऱ्याखालच्या तुकड्याकडे गेले. डिचोली तालुक्यात असे घर सापडणे कठीण, जिथे खाणीवरच्या बेल्टाचा तुकडा नाही. खनिज वाहून नेणारा तो जाड रबरी पट्टा, आत कापडाचे थर, वर लाल माती मुरलेली. कोणी तो दारात टाकतो, कोणी गोठ्यात गाईखाली, कोणी धुण्याच्या दगडापाशी. जड, भक्कम आणि फुकट. इतके दिवस हे सुचले कसे नाही, म्हणून सगुणाने कपाळावर हात मारला.

३

बंद खाणीवर यशवंत राखणदारी करत होता. दोडामार्गकडचा माणूस, सगुणाबरोबर ट्रकावर क्लीनर म्हणून आलेला, आता गंजलेल्या यंत्रांना सोबत करत बसलेला. बेल्ट जिथे थांबला होता तिथेच, रोलरांवर पोट टेकून पडला होता. जांभ्याच्या धुळीने त्याचा काळा रंग लाल झाला होता.

"व्हया तितको काप," यशवंत म्हणाला, "मालकान सांगल्यानच आसा, भंगार आसा म्हणान. पण मागान घे हां. ह्या जाग्यावरचा मी मागल्याशिवाय काय उचलीत नाय." त्याने एक नारळ सगुणाच्या हातात दिला. "गाऱ्हाणा घाल."

गाऱ्हाणे म्हणजे देवाला, जागेवाल्याला तोंडाने घातलेले मागणे. एकाने बोलायचे, बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचे. गावात ते काम मानकऱ्याचे. काय हवे, कोणासाठी, किती, हे तो शेताचा बांध घालावा तसे नेमके बोलतो. सगुणाने जन्मात कधी गाऱ्हाणे घातले नव्हते. शिवाय ऊन चढत होते आणि त्याला घाई होती. त्याने थट्टेतच नारळ उंच धरला.

"बा देवा म्हाराजा, माझ्ये गाडीत लय आवाज आसा. तो सगळो तुका दिलो. माका त्यातलो कायेक नको. घे, आणि माझ्ये बायलेक सुख दी."

"व्हय म्हाराजा," यशवंत सवयीने म्हणाला आणि लगेच त्याच्या कपाळाला आठी पडली. "सगळो कित्याक म्हटलंस रे? गाऱ्हाण्यात सगळो म्हणूक नाय. मोजान बोलूचा."

"आवाजच तो, यशवंता. सोना थोडाच दितंय?"

नारळ फोडला. पाणी बेल्टावर सांडले आणि रबरावर पाणी ओघळायला हवे तसे ते ओघळले नाही, मुरून गेले. उन्हाने तापलेला आहे, सुकले असेल, असे म्हणून सगुणाने साबणाच्या पाण्यात सुरी बुडवली आणि कापायला लागला.

४

दरवाजे, तळ, इंजिनवरचे झाकण, छत, सगळीकडे त्याने चिकटवायचे सोल्यूशन लावून तुकडे बसवले. सुलोचना बसायची त्या मागच्या डाव्या बाजूला तर दुहेरी थर दिला. गाडी जड झाली, पुढचे दरवाजे बिजागरीवर लोंबू लागले. पण किल्ली फिरवली आणि तो बघतच राहिला. इंजिन चालू झाल्याचे त्याला पायाला कळले, कानाला नाही.

पहिल्या फेरीला साखळी येईपर्यंत सुलोचनेने डोक्यावरचे हात खाली घेतले. कारापूरच्या खड्ड्यांत ती "आई गे" म्हणाली नाही. सगुणाला हायसे वाटले, इतके की डोळ्यांत पाणी आले. आपण बायकोसाठी काहीतरी केले, असे त्याला लग्नानंतर फार थोड्या वेळा वाटले होते.

माशेलच्या पुढे त्याने सहज आरशात पाहिले. सुलोचना बोलत होती. हातवारे करून, हसून, मध्येच पदराने तोंड पुसून बोलत होती. तिचे ओठ हलत होते आणि गाडीत काहीच ऐकू येत नव्हते.

बारीक बोलत असेल, त्याने मनाशी म्हटले. आजारी माणूस. आणि ट्रकाने आपले कान कधीच खाऊन टाकले आहेत. तिने आरशात त्याच्याकडे पाहिले, काहीतरी विचारले. त्याने नेहमीसारखी मान हलवली आणि नेहमीसारखेच "व्हय गो" म्हटले. ते "व्हय गो" त्याला गळ्यात जाणवले, पण कानावर पडले नाही.

घरी उतरल्यावर ती अंगणात उभी राहिली आणि तिचा आवाज खणखणीत आला. "कितके दिसांनी डोक्या हलका झाला. आणि तुमी आज माझा सगळा आयकलात हां. मध्ये एकदा पण तोंड वाकडा केल्यात नाय."

आता यावर खरे कोण सांगेल? सगुणाने नाही सांगितले.

५

त्यांची लेक शालिनी पेडण्याला दिलेली. आईला बघायला आली तेव्हा बाप तिला बसस्टँडवरून घेऊन आला. ती पुढच्या सीटवर बसली, दार ओढून घेतले आणि बोलायला लागली. मग थांबली. पुन्हा बोलली. गळ्याला हात लावला. तिने दोन्ही हातांनी एक टाळी मारली, जोरात, तळवे लाल होतील एवढी. टाळीचा आवाज झाला नाही.

तिने बापाचा दंड धरून हिसडा दिला. त्याने गाडी बाजूला घेतली तशी ती दार उघडून शेताच्या बांधावर जाऊन बसली आणि ओकली.

"बाबा, ह्या काय आसा? माका माझो सवतोचो आवाज येयनासो झालो!"

"रबर आसा गो ता. आवाज पिता."

"रबर पिता काय? बाहेर बघा, तो पाडो हंबरता, ता हयसर आयकू येता. दार लायला की कायच नाय. विहिरीत बुडल्यासारख्या वाटता." ती घरापर्यंत उन्हातून चालत आली. परत जाताना तिने दुसऱ्याची रिक्षा केली.

६

सगुण काही अगदीच अडाणी नव्हता. त्याने कान तपासून घेतले. तपासणाऱ्या बाईने कानाला डबे लावून बारीक बारीक टिकटिक ऐकवली आणि ट्रक ड्रायव्हरच्या मानाने कान चांगले आहेत, म्हणाली. मग रबरच जास्त झाले असेल. एका भरदुपारी त्याने एकट्याने अंगणात गाडीत बसून हॉर्न दाबला. समोरच्या आंब्यावरचे कावळे उडाले. शेजारीण खिडकीत येऊन काय झाले म्हणून बघू लागली. त्याला काही ऐकू आले नाही.

इंजिन बंद होते. त्याने सहज तळवा मागच्या डाव्या दरवाज्याच्या रबरावर ठेवला आणि झटकन मागे घेतला. रबर गार असायला हवे होते, ते कोमट होते. आणि आत बारीक थरथर होती, बोलणाऱ्या माणसाच्या गळ्याला हात लावल्यावर लागते तशी. उन्हाने असेल, त्याने म्हटले. तुकडा बसवला होता तेव्हा बोटाएवढा जाड होता, आता दोन बोटे दिसत होता. तेही उन्हानेच फुगला असेल.

त्याने हे सगळे काढून टाकायचे ठरवले. हॉस्पिटलच्या एका फेरीला सायरन वाजवत मागून आलेली रुग्णगाडी त्याला कळली नव्हती, कारापूर तिठ्यावर थोडक्यात वाचले होते. पटाशी घेऊन तो गाडीपाशी गेला तेव्हा सुलोचना व्हरांड्यातून उठून आली.

"काढू नका ता. तुमका माझी शप्पत." ती पायरीवर टेकली. "अख्ख्या जगात तितकीच एक जागा आसा, थंय माझा डोक्या दुखना नाय. आणि एक सांगू? इतकी वर्षां झाली, पण तुमी माझा आयकूक आत्ताच लागल्यात. माका थंय बोलूक बरा वाटता. माझो सवतोचो आवाज पण माका टोचना नाय. मनातला सगळा बोलतंय."

तिचा चेहरा नव्या नवरीसारखा दिसत होता. सगुणाने पटाशी खाली ठेवली. त्या क्षणी तिला सांगायला हवे होते, की बाई गं, मला त्यातला एक शब्द येत नाही, तू काय बोललीस ते मला इथे, या पायरीवर बसून परत सांग. साधी गोष्ट होती. त्याला लाज वाटली आणि तिच्या आनंदाची दयाही आली. पुढे कितीदा तरी ही पायरी त्याला आठवायची आणि कितीदा तरी तो तिथे मनातल्या मनात ते वाक्य बोलायचा.

७

पावसाच्या तोंडावर डॉक्टरांनी दोघांना समोर बसवले. ऑपरेशन करता येईल, म्हणाले. धोका आहे, पण आशाही चांगली आहे. घरी जा, दोघे बोला आणि कळवा.

बोलायची त्यांची जागा आता एकच होती. बांबोळीचा उतार संपायच्या आत सुलोचना बोलायला लागली. सगुण आरशात बघत होता. आधी ती बाहेर बघत बोलली, मग बोटे मोडत बोलली, मग रडली. तो मनात म्हणत होता, ऑपरेशनाचेच बोलते आहे, घाबरली आहे, तिला धीर द्यायला हवा. शेवटी तिने पुढे वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीतरी विचारले. एकच वाक्य. मग आरशातून त्याच्याकडे बघत थांबून राहिली.

सगुणाने नेहमीचे शब्द म्हणत मान डोलावली. चांगली, ठाम, दोनदा. तोंड भरून हसला आणि धीराचे म्हणून तिच्या हातावर थोपटले.

तिने हात काढून घेतला. सर्वणपर्यंत तिचे ओठ पुन्हा हलले नाहीत.

घरी चहा घेताना विचारू, असे त्याने ठरवले होते. पण ती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. दुसऱ्या दिवशी शालिनी रिक्षा घेऊन आली. ऑपरेशनाआधी माहेरपण लेकीकडे, असे त्याला वाटले आणि त्याने आनंदाने पिशवी उचलून दिली. सुलोचना रिक्षात बसली. तिने त्याच्याकडे एकदा पाहिले. तिच्याकडे बोलायला काही उरले नाही, असे त्याने तिला कधीच पाहिले नव्हते.

तारीख मिळाली की निरोप येईल, या भरवशावर तो थांबला. गणेशचवथीच्या आधी पेडण्याहून माणूस आला. ती झोपेतच गेली होती.

पेडण्यालाच दिवसकार्य आटोपल्यावर सगुण शालिनीला म्हणाला, "ऑपरेशनाची तारीख मिळाली असती तर..."

शालिनीने हातातले भांडे खाली ठेवले. "खंयची तारीख? आईन हॉस्पिटलात ऑपरेशन नको म्हणान कळयल्यान! तुमका विचारान."

"माका? कधी?"

"गाडीत. तुमी हसान व्हय म्हटल्यात, म्हणाली. दोन दोनदा." तिने बापाकडे असे पाहिले, की त्याला पुढे विचारवले नाही. "तुमका खबर नाय असा दाखवू नका बाबा. ता तरी करू नका."

८

पेडण्याहून तो थेट घरी आला. दुपार होती, अंगणात भाताचा हिरवा वास होता. त्याने पटाशी घेतली आणि पुढच्या दरवाज्यापासून सुरुवात केली.

पहिला तुकडा सुटला आणि त्याच्या खालून हॉर्न वाजला. स्टिअरिंगला कोणाचा हात नव्हता. एकदाच, भरदुपारचा, कावळे उडवणारा. सगुण जागच्या जागी थिजला. त्याने तुकडा पालटून पाहिला, हलवला, पुन्हा पत्र्याला लावून ओढला. काही नाही. जे होते ते निघून गेले होते.

दुसऱ्या तुकड्याखालून एक टाळी आली, एवढी स्पष्ट की त्याने मागे वळून पाहिले. मग शालिनीचे "बाबा?" आणि पुन्हा शुकशुकाट.  रबर आवाज पिते एवढेच खरे, की गाऱ्हाण्यात दिलेला सगळा आवाज कोणी ठेवून घेत होते, याचा विचार त्याला करवला नाही. त्याला एवढेच कळले, की जे काही आहे ते एकदाच मिळणार आहे.

तो मागच्या डाव्या दरवाज्यापाशी आला. दुहेरी थर चांगला पोसला होता. तिथे मांडी घालून, कान रबराला टेकून त्याने वरचा कोपरा अगदी हळू उचलला. आतून सुलोचना बोलत होती. बांगडे महाग झाले. मांडावरची तुळस सुकली. शालूच्या पोटात दुखते, कोणाला सांगत नाही. तुमी तरुणपणी ट्रकातून माका कळंगुटचा दर्या दाखवल्यात, ता माका आठवता. तो उचलत गेला आणि ती बोलत गेली. इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदा तिचे सगळे ऐकले. तो रडत होता आणि मध्ये मध्ये खरेच "व्हय गो" म्हणत होता, पण ते आता कोणी ऐकत नव्हते.

शेवटचा हातभर तुकडा राहिला तेव्हा तो थांबला. आवाज बदलला होता. हा बांबोळीहून येतानाचा होता. इथेच सोडावे, असे त्याला वाटले. पण तिचा आवाज आत अडकवून ठेवायचा, हेही त्याच्याने होईना. त्याने तुकडा ओढला.

"माका मराची भीती नाय ओ," सुलोचना त्याच्या कानापाशी म्हणाली. "पण तुमी माझ्यासाठी किती दगदग करतात. एकच विचारतंय, खराखुरा सांगा. तुमी 'नाय' म्हटल्यात तर उद्याच ऑपरेशनाक तयार आसंय. मी गेलंय तर तुमी सुटशात काय ओ?"

आणि मग, त्याच रबराखालून, त्याचा स्वतःचा आवाज आला. मायेचा, हसरा, धीर देणारा.

"व्हय गो, व्हय."

सगुणाने दोन्ही हातांनी रबर परत पत्र्यावर दाबून धरले. सोल्यूशन सुकलेले होते. रबर काही चिकटले नाही.